पत्रकात कुणाचं नाव, आणि कुणाला विचारून?

पत्र:

“आमच्या चर्चची मंडळी लहान आहे, चाळीसेक घरांची. महिन्याचं दोन पानी पत्रक बरीच वर्षं मी काढते. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या अंकात ‘प्रार्थनेसाठी’ या सदरात मी एका काकांच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं. पाळकसाहेबांनी उपासनेत त्यांचं नाव घेऊन प्रार्थना केली होती, म्हणून मला वाटलं की सगळ्यांना माहीतच आहे. काका तेव्हापासून उपासनेला आलेले नाहीत. त्याच अंकात उपकारस्तुतीच्या सणाच्या देणगीदारांची यादी होती. वेदी सजवणाऱ्या आजींचं नाव मात्र कुठेच नव्हतं. त्यांच्या सुनेने मला दारातच सुनावलं. गायनमंडळातल्या दोघींचं बिनसलंय. त्यातली एक म्हणते, नाताळच्या अंकात तिचं नाव माझ्याआधी येणार असेल तर माझं छापूच नका. आता सेक्रेटरी म्हणतात की घरगुती बातम्या बंद करा, उपासनेच्या वेळा आणि हिशेब तेवढे छापा. पाळकसाहेब म्हणतात, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ सेक्रेटरी म्हणतात तसं करू, की हे कामच सोडून देऊ?”

प्रिय ताई,

नाताळच्या तोंडावर काही सोडू नका. डिसेंबरात मंडळीतला प्रत्येक कामकरी माणूस एकदा तरी राजीनामा लिहितो, निदान मनातल्या मनात. जानेवारीत पुन्हा विचार करा, त्याबद्दल शेवटी बोलू. आधी काकांचं बघू, कारण बाकीच्या तक्रारी थांबू शकतात, ही थांबणार नाही.

काकांकडे जा. फोन नको, मेसेज तर नकोच. कुणाला मध्ये घालू नका, पाळकसाहेबांनाही नको. आणि गेल्यावर मोजकं बोला: “काका, तुम्हाला न विचारता मी छापलं. चुकलं माझं.” एवढ्यावर थांबा. “पाळकसाहेबांनी प्रार्थनेत नाव घेतलं होतं म्हणून मला वाटलं...” हे वाक्य जिभेवर येईल. ते गिळा. ते खरं असेल, पण त्या क्षणी त्याचा अर्थ एवढाच होतो की चूक माझी नाही, पाळकांची आहे. काका रागावले तर रागावू द्या. ते विषय बदलून हवापाण्याबद्दल बोलू लागले, तर तुम्हीही हवापाण्याबद्दलच बोला. म्हातारी माणसं बहुधा अशीच माफ करतात. “उपासनेला या” असं मात्र त्या भेटीत म्हणू नका, नाहीतर भेट त्यासाठीच होती असं वाटेल.

तुमची गफलत कुठे झाली ते सांगते. प्रार्थनेत घेतलेलं नाव आणि कागदावर छापलेलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रार्थनेत पाळक म्हणाले असतील, “आमच्या या बंधूला बरं कर.” आजार कोणता, कुठल्या अवयवाचा, हे बहुधा म्हणाले नसतील. म्हणाले असले तरी ते त्या चार भिंतींत, त्या सकाळी हजर असलेल्यांपुढे. कागद घरी जातो. कुणीतरी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं, तो परगावच्या भाच्याकडे पोचतो, आणि भाचा फोन करून विचारतो, “काका, प्रोस्टेटचं काय म्हणताय?” हा प्रश्न कुठल्या पुरुषाला आवडेल?

पवित्र शास्त्रात याचा चांगला नमुना आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताच्या आजारपणाची बातमी आहे; फिलिप्पैच्या मंडळीने त्याला प्रेषित पौलाकडे पाठवलं होतं. पौल लिहितो की तो मरणाच्या दारी पोचला होता, देवाने त्याच्यावर दया केली, आता मी त्याला तुमच्याकडे पाठवतो आहे, त्याचं आनंदाने स्वागत करा. आपण आजारी असल्याचं घरच्या मंडळीला कळलं म्हणून एपफ्रदीत स्वतःच बेचैन झाला होता, हेही तिथे आहे. आजार कोणता होता? दिलेला नाही. जवळजवळ दोन हजार वर्षं लोक ते पत्र वाचताहेत, आजाराचं नाव कुणाला ठाऊक नाही, आणि तरी बातमी पुरी झाली आहे. मंडळीला जे कळायला हवं होतं ते कळलं: किती गंभीर होतं, आता कसं आहे, आपण काय करायचं. स्वतःच्या ‘देहातल्या काट्या’बद्दलही पौल यापेक्षा जास्त सांगत नाही. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीचा उल्लेख आहे खरा, पण तो खुद्द तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात!

तेव्हा ‘प्रार्थनेसाठी’ हे सदर बंद करू नका, त्याची रीत बदला. ज्याची बातमी आहे त्यालाच विचारा: छापू का, नाव घालू का, काय शब्द लिहू? माणूस बोलण्याच्या स्थितीत नसेल तर घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाला विचारा. तेही जमत नसेल तर “आपल्यातल्या एका आजारी बंधूसाठी” एवढं पुरे. लहान मंडळीत ते कोण हे सगळ्यांना कळेलच, कळू द्या; पण कागदावर ते तुमच्या हातून गेलेलं नसेल. आणि ही यादी दर महिन्याला नव्याने करा. मागच्या अंकातून उतरवलेल्या यादीत बरी होऊन बाजारहाट करणारी माणसं अजून आजारी असतात. कधी तर जिला माती देऊन आठवडे झाले तिच्या ‘लवकर बरं होण्यासाठी’ विनंती छापलेली असते, आणि ती तिच्या घरचे वाचतात.

आता सेक्रेटरींकडे येते. त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. दोन पानी कागद आता दोन पानांत राहत नाही, फोटो होऊन फिरतो, अशी त्यांची भीती असेल तर ती खोटी नाही. पण त्यांचा उपाय चुकीचा आहे. उपासना दर रविवारी त्याच वेळेला असते, ती वेळ वाचायला पत्रक कोण उघडणार? हिशेब वार्षिक सभेत मांडला जातो, फार तर सूचनाफलकावर लावा.

माझं मत विचाराल तर चाळीस घरांच्या मंडळीत पत्रक बातमी द्यायला नसतंच मुळी. बातमी आधीच सगळ्यांना कळलेली असते. उपासना सुटल्यावर दारात जी दहा मिनिटं जातात त्यात कोणाची मुलगी बाळंत झाली, कोणाची बदली झाली, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं फिरून येतं. पत्रकात जे छापलं जातं त्याने माहिती वाढत नाही. मंडळीने आपली दखल घेतली, एवढं त्या माणसाला कळतं. म्हणूनच एका ओळीवरून सून दारात उभी राहते. मोठ्या चर्चमध्ये शंभर नावं गळली तरी कुणी विचारत नाही. तुमच्याकडे एक गळलं तर ते घर गळल्यासारखं वाटतं. हा लहान मंडळी असण्याचा त्रास आहे आणि लहान असण्याचं सुखही यातच आहे. वेळा आणि हिशेब छापून तुम्ही त्रास घालवाल, त्याबरोबर दुसरंही घालवाल.

आजींच्या बाबतीत एक गोष्ट मला खटकली. सुनेने सुनावलं, हे तुम्ही लिहिलंत. आजी स्वतः काय म्हणाल्या ते लिहिलं नाहीत. त्यांना विचारलंत का? कदाचित त्या म्हणतील, “अगं, मी काय नावासाठी करते?” आणि कदाचित तसं म्हणताना खाली बघतील. तेव्हा त्यांचा होकार मिळवा, आणि पुढच्या अंकात साधं लिहा: “मागच्या अंकात उपकारस्तुतीच्या सणाच्या वेदीसजावटीचा उल्लेख राहून गेला. ती अमुक यांनी केली होती.” बस. “अनवधानाने झालेल्या अक्षम्य चुकीबद्दल संपादक दिलगीर आहेत” वगैरे अलंकार नकोत, त्याने आजींनाच लाजल्यासारखं होईल.

पण खरी अडचण आजींचं नाव राहिलं ही नाही. देणगीदारांची नावं आली आणि राबणाऱ्यांची आली नाहीत, ही आहे. देणाऱ्यांची यादी कोषाध्यक्षांकडून आयती मिळते, टाइप केलेली. वेदी कुणी सजवली, सणाच्या आदल्या संध्याकाळी बाकं कुणी पुसली, याची यादी कुणीच देत नाही. ती नजरेने करावी लागते. म्हणून पत्रकात पैसा नेहमी आधी पोचतो. यात तुमचा पक्षपात नाही, कागद कुठून येतो त्यावर हे ठरतं.

देणग्यांची नावं आणि आकडे पत्रकात छापणं सरळ बंद करा, असं माझं स्पष्ट मत. सणाला एकूण किती अर्पण जमलं आणि ते कशासाठी वापरणार, एवढं द्या. ज्याची त्याची पावती ज्याला त्याला मिळतेच. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वाक्य आपल्याला पाठ असतं, आणि तरी आपण यादी उतरत्या रकमेने लावतो! मार्कच्या बाराव्या अध्यायातली विधवा आठवा. येशूने शिष्यांना बोलावून सांगितलं की तिने इतर सर्वांपेक्षा जास्त टाकलं. दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, ही रक्कम तिथे आहे, तिचं नाव नाही. कमिटीतला एखादा म्हणेल की नावं छापली नाहीत तर अर्पण कमी होईल. होऊ शकतं. एक वर्ष करून बघा म्हणावं.

नावं छापायची तर कशी, ते रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात बघा. वाचताना आपण तो अध्याय बहुतेक वेळा ओलांडून जातो, कारण त्यात नुसते सलामच सलाम आहेत. वीसहून जास्त माणसं नावानिशी आहेत, आणि बऱ्याच जणांपुढे त्यांनी काय केलं ते एका ओळीत आहे. किंख्रियाच्या मंडळीतली फिबी, तिने पुष्कळांना मदत केली, मलाही केली. प्रिस्क आणि अक्विला, यांनी माझ्यासाठी स्वतःची मान धोक्यात घातली, आणि यांच्या घरात मंडळी जमते. पर्सिस, हिने पुष्कळ श्रम केले. रूफाची आई, जी माझीही आई आहे. शेवटचं तर बघा, तिचं स्वतःचं नावही नाही, पण त्या एका वाक्यात त्या घरात पौलाचं काय होत असेल ते सगळं दिसतं. कुणी किती दिलं याचा त्या यादीत कुठे पत्ता नाही.

आणि बाविसाव्या ओवीत एक माणूस मध्येच डोकं वर काढतो: हे पत्र लिहून देणारा मी तर्तिय, माझाही सलाम. पौल सांगत होता, हा उतरवून घेत होता. ताई, तुमच्या पत्रकावर तुमचं नाव कुठे असतं का? नसेल तर खाली बारीक अक्षरांत घाला. त्यात मोठेपणा नाही. तक्रार असली तर कुणाकडे जायचं ते लोकांना कळतं, आणि सेक्रेटरींनाही कळतं की हे आपोआप होत नाही.

एका वहीत चाळीस घरांची नावं लिहा आणि वर्षभरात कुठल्या घराचा उल्लेख कधी आला त्याची खूण करत चला. तीनचार महिन्यांत तुम्हालाच दिसेल की तीच तीच घरं येताहेत: पाळकांचं, कमिटीचं, गाणाऱ्यांचं. काही घरांपुढे एकही खूण नसेल. ती माणसं काही करत नाहीत असं नसतं, ती मागच्या बाकावर बसतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हीच तक्रार आहे. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवा राहून जातात. प्रेषितांनी त्यांना कुरकुर करू नका असं सांगितलं नाही. त्यांनी सात माणसं नेमून वाटपाची व्यवस्था बदलली. तुमच्यापुरती ती व्यवस्था म्हणजे ही वही.

गायनमंडळातल्या दोघींवर फार शाई खर्च करत नाही. नावं छापायची तर वर्णानुक्रमाने छापा, आणि पहिल्या पानावर एकदाच लिहून टाका की या पत्रकात नावं नेहमी वर्णानुक्रमाने येतात. मग कुणाचं आधी आलं ते आईबापांनी ठेवलेल्या नावावर गेलं, तुमच्यावर नाही. कुणीतरी तुम्हाला फिलिप्पैच्या मंडळीतल्या युवदीया आणि सुंतुखेचं उदाहरण देईल, की पौलाने दोघींची नावं घेऊन एक व्हा म्हणून सांगितलं, मग तुम्ही का गप्प? पौलाने ती मंडळी उभी केली होती. शिवाय त्याने ‘विनंती करतो’ हे एकच क्रियापद दोघींसाठी दोनदा, एकेकीला स्वतंत्रपणे वापरलं आहे, एकीला कमी एकीला जास्त केलेलं नाही, आणि भांडण कशावरून ते सांगितलेलं नाही. तो अधिकार पाळकसाहेबांकडे आहे, पत्रकाकडे नाही. “योग्य वाटेल ते करा” असं म्हणून त्यांनी जे तुमच्या ओंजळीत टाकलं, त्यातलं हे एक नक्की परत करा.

नाताळच्या अंकाबद्दल दोन गोष्टी. येशूजन्माच्या नाटकात जितकी मुलं असतील तितकी सगळी नावं घाला, मेंढरू झालेल्या तीन वर्षांच्या पोराचंही, आणि नावाचं स्पेलिंग, म्हणजे ऱ्हस्वदीर्घ, आईला विचारून घ्या. तो कागद घरोघरी जपून ठेवला जातो. दुसरी जास्त महत्त्वाची: या वर्षी ज्या घरात कुणी गेलं, त्यांचा हा पहिला नाताळ आहे. “आनंदाचा सण” असं पानभर लिहिताना त्यांच्यासाठी दोन ओळी ठेवा. गेलेल्यांबद्दल लिहिताना “मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीच्या होत्या” हे कुणालाही लागू पडतं. यापो गावात दुर्कस नावाची शिष्या वारली तेव्हा तिथल्या विधवांनी प्रेषित पेत्राला तिचे गुण सांगितले नाहीत. तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं रडत रडत दाखवली. तसं एखादं वस्त्र शोधा. कुठल्या खुर्चीत बसायच्या, कुठलं गीत सुरू झालं की आवाज चढायचा, कुणाच्या पोराला शुभवर्तमान वाचायला शिकवलं.

नाताळनंतर अंक ओस पडतात असा बहुतेक पत्रकांचा अनुभव. 2027 साली तर फार उसंतही नाही. ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला. 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापासून उपवासकाळापर्यंत जेमतेम पाच आठवडे मिळतात. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा अंक समोर ठेवून तारखा उतरवू नका. ही चूक होते आणि लोक ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारसाठी भलत्याच आठवड्यात सुट्टी मागतात. खरी परीक्षा त्यापुढची. ईस्टरनंतरचा पन्नासाव्या दिवसाचा सण 16 मे रोजी झाला की पुढचा आगमनकाळ 28 नोव्हेंबरला, मध्ये 28 आठवडे. अर्ध्याहून जास्त वर्ष, ज्यात मोठा सण जवळजवळ नाही. तेव्हा पत्रकात काय छापायचं? माझ्या मते मंडळी खऱ्या अर्थाने चालते ती याच दिवसांत. रविवारी पहाटे कुलूप कोण उघडतं, चालता न येणाऱ्या बाईंना उपासनेला कोण घेऊन येतं, छताची गळती कुणी शोधली, संडे स्कूलला नवी बाई कोण आली. यातली एकच गोष्ट एका अंकात, पण नीट, चार वाक्यांत. मुलांच्या परीक्षेचे निकाल मात्र छापू नका. ज्याला कमी मार्क पडले त्याचं नाव नसतं, आणि ते नाव नाही हेच सगळे वाचतात.

कागदाचा फोटो ग्रुपवर जाणारच, ते तुमच्या हातात नाही. पण प्रार्थनेची विनंती, पत्ते आणि मुलांचे फोटो छापील प्रतीतच ठेवायचे, ग्रुपवर जी प्रत पाठवाल त्यातून काढायचे, असा ठराव कमिटीकडून करून घ्या. मांडू द्या तो सेक्रेटरींनाच. त्यांची काळजी खरी आहे तर तिला काम मिळेल.

राहिला सोडण्याचा प्रश्न. पाळकसाहेबांना भेटून एवढं मागा: छापायला जाण्याआधी अंक वाचणारा दुसरा एक माणूस. कमिटीतला नको, आणि तुमची मैत्रीणही नको. मागच्या बाकावरचं कुणीतरी, शक्यतो वहीत खूण नसलेल्या घरातलं. त्याने शुद्धलेखन तपासायचं नाही, एकच बघायचं: यातलं वाचून कुणाला उपासनेला यावंसं वाटणार नाही असं काही आहे का. पाळकसाहेब असा माणूस देत नसतील, तर फेब्रुवारीत खुशाल सोडा, आणि सोडताना ती वही पुढच्या माणसाला द्या. देत असतील तर एक वर्ष आणखी करून बघा.

आणि आजींच्या सुनेला विचारा, ती हा माणूस होईल का. जिला एक राहिलेलं नाव दिसलं, तिला पुढचीही दिसतील.